वार मोडला म्हणून दंड? गावच्या पंचांचा अधिकार कुठवर चालतो

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. समजा जुलै महिना आहे, पाऊस लागलाय, भाताचं रोप लावणीला आलंय. चिखलणीला पॉवर टिलर भाड्यानं आणायचा, आणि तो मिळणार मंगळवारीच. मंगळवारी तर गावात वार पाळणूक आहे.

बेळगाव-खानापूर भागातल्यांना वार पाळणूक काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की देवीची यात्रा जवळ आली की पंच देवळात बसतात, देवीला गाऱ्हाणं घालतात, अमुक इतके मंगळवार किंवा शुक्रवार शेतात औत घालायचं नाही असं ठरतं आणि दवंडी फिरते. गावागणिक नियम थोडे वेगळे. बहुतेक लोक आनंदानं पाळतात, आणि त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही.

पण आपल्या या माणसानं टिलर घातला. संध्याकाळी निरोप आला: पाच हजार एक रुपये दंड, देवीपुढं नारळ, आणि चारचौघांत माफी. तो म्हणाला, देत नाही. मग पंच म्हणाले, याच्याशी जो बोलेल त्यालाही दंड.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा, कारण वाळीत टाकण्याची सगळी ताकद त्यात आहे. पंचांकडं तुरुंग नाही, पोलीस नाही. ते त्या माणसाला हातही लावत नाहीत. ते शेजाऱ्याला भीती घालतात. शेजारी सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणं, तोडतो, भावकी लग्नाची पत्रिका देत नाही, गिरणीवाला म्हणतो “उद्या या”. बारा लोक मनातून त्याच्या बाजूचे असतात आणि तेराव्याच्या भीतीनं गप्प बसतात.

हे तंत्र जुनं आहे, आणि त्याचं एक मोठं केंद्र आपल्याच बेळगाव जिल्ह्यात होतं. पुणे-बेंगळूर हायवेवरून जाताना हुक्केरी तालुक्यातलं संकेश्वर लागतं. तिथला शंकराचार्यांचा मठ म्हणजे संकेश्वर-करवीर पीठ. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडं, काही बड्या मंडळींनी चहा घेतला. काहींनी तर म्हणे नुसता कप उचलला. रानडे होते, टिळक होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. ग्रामण्य म्हणजे जातीतून टाकायचं की ठेवायचं याचा तंटा. तक्रार गेली ती या पीठाकडं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी घरच्या कार्याला भटजी मिळायची पंचाईत. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. पुढच्याच वर्षी हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला माणूस, पण पंगतीत शेजारी कोण बसणार हे त्याच्या हातात नव्हतं.

इंग्रज सरकार काय करत होतं? बाजूला उभं होतं. मुंबई इलाख्यात, म्हणजे तेव्हाच्या बेळगावातही, १८२७ चा दुसरा रेग्युलेशन लागू होता. त्याचं २१ वं कलम म्हणायचं, जातीच्या प्रश्नात कोर्टानं पडू नये. बेकायदा कृत्यानं कुणाच्या जातीची, नावलौकिकाची हानी झाली असेल तर भरपाईचा दावा तेवढा ऐकावा. मद्रासकडं १८८३ सालचा एक निकाल गमतीदार आहे. तिथं धर्मगुरूनं बहिष्काराचा निर्णय पोस्टकार्डावर लिहून पाठवला. बंद पाकिटात पाठवता तर गोष्ट वेगळी होती; उघड्या कार्डावर कुणीही वाचतो, म्हणून ती बदनामी ठरली. आज गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर “अमक्याशी संबंध ठेवू नये” असं टाकणाऱ्यांनी हे पोस्टकार्ड आठवावं.

[स्क्रीनवर: १९४९ – १९५६ – १९६२ – २०१७]

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कुणालाही धर्मातून किंवा जातीतून टाकणं अवैध, हजार रुपयांपर्यंत दंड. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी या कायद्याला आव्हान दिलं होतं. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. बहुमताचं म्हणणं असं, की धार्मिक कारणावरून सभासदाला बाहेर काढणं हा संप्रदायाचा आपल्या धर्माच्या बाबी स्वतः सांभाळण्याचा हक्क आहे, अनुच्छेद २६(ख). विरोधात होते सरन्यायाधीश सिन्हा. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं सोपवला गेला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पंचांच्या बाजूचा वकील हाच निकाल पुढं करेल. तो हक्क धार्मिक संप्रदायाचा आहे. संप्रदाय म्हणायला समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळं नाव लागतं. गावची यात्रा कमिटी म्हणजे संप्रदाय नव्हे. तिच्यात चार जातींचे मानकरी, माजी चेअरमन, झालंच तर ग्रामपंचायतीचा एखादा मेंबर. तिला २६ व्या अनुच्छेदाची सावली मिळणं आमच्या मते अवघड आहे. आणि संप्रदाय असला तरी हक्क धर्माच्या बाबींपुरता. नळाचं पाणी ही धर्माची बाब नाही.

महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. इथं सीमाभागातल्या लोकांची हमखास चूक होते. हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडं, कर्नाटकात राहणारा माणूस महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्याकडून ऐकतो आणि बेळगावच्या पोलीस ठाण्यात तोच कायदा सांगतो. तो इथं चालत नाही. कर्नाटकातही बहिष्काराविरोधी विधेयकाचा विषय आलाय. तुम्ही तक्रार द्याल त्या दिवशी त्याची स्थिती काय आहे ते वकिलाला विचारा. पण त्यावर अडून बसू नका, कारण हाताशी बरंच काही आहे.

“मला वाळीत टाकलं” अशी एका ओळीची तक्रार देऊ नका. ठाण्यातून उत्तर येतं, “कोण बोलतं, कोण नाही, यात पोलीस काय करणार?” आणि ते अगदी खोटंही नाही. तुमच्याशी न बोलण्याचं स्वातंत्र्य शेजाऱ्यालाही आहे. म्हणून बहिष्काराचे तुकडे करा. कुणी, कोणत्या तारखेला, काय केलं.

पहिला तुकडा, दंड. धाक घालून पैसे घेतले की भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, म्हणजे जबरीनं उकळणं. सात वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे दिले नसले तरी त्यासाठी धाक घातल्याचं वेगळं पोटकलम आहे. धाक फक्त मारहाणीचा असावा लागत नाही, बेकायदा रीतीनं अब्रूला किंवा मालमत्तेला धक्का लावू म्हणणंही त्यात येतं. घोळ कुठं होतो? लोक रोख पैसे देतात आणि “देणगी” लिहिलेली पावती घेऊन येतात. ती पावती तुमच्याच विरुद्ध पुरावा. द्यायची वेळच आली तर फोनवरून यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात “वार मोडल्याचा दंड” असं लिहा.

दुसरा तुकडा, देवाची भीती. कलम ३५४, जुन्या दंडसंहितेतलं ५०८. यात बारीक मेख आहे. “देव बघून घेईल” म्हणणं गुन्हा नाही, ती श्रद्धा झाली. पण “दंड भरला नाहीस तर तुझ्या नावानं गाऱ्हाणं घालून कोप आणतो” असं सांगून, जे करायला तुम्ही कायद्यानं बांधलेले नाही ते करायला लावलं, तर गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद. हा अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. त्यामुळं एकट्या ३५४ वर जाऊ नका.

तिसरा, वाट. शेतात जायचा रस्ता अडवला तर कलम १२६. धमकी दिली तर ३५१. ग्रुपवर नाव घेऊन बदनामी केली तर ३५६. त्याची फिर्याद मात्र पोलिसांत नव्हे, थेट मॅजिस्ट्रेटपुढं.

आणि सगळ्यात चांगला तुकडा, ज्याकडं कुणी बघत नाही: सरकारी किंवा सहकारी सोय. नळ ग्रामपंचायतीचा आहे. पाणी तोडलं तर पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रेशन दुकान परवान्यावर चालतं. धान्य नाकारलं तर तहसीलदार कचेरीतल्या अन्न विभागाकडं. दूध डेअरी सहकारी संस्था आहे. सभासदाचं दूध पंचांच्या सांगण्यावरून नाकारता येत नाही, सहकार खात्याकडं तक्रार करा. या तिन्ही ठिकाणी नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि “पंचांनी सांगितलं” हे कारण कागदावर लिहायला कुणाचाही हात धजत नाही. बहुतेक वेळा पाणी परत येतं. खासगी किराणा दुकानदारानं साखर दिली नाही तर मात्र नुसत्या तेवढ्यावर फारसं काही करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वाळीत टाकलेली व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल, आणि टाकणारे त्याबाहेरचे असतील, तर चित्रच बदलतं. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक व आर्थिक बहिष्कार घालणं किंवा तशी धमकी देणं हा थेट गुन्हा झाला. सहा महिने ते पाच वर्षं. इथं तुकडे करायची गरज नाही.

आंतरजातीय लग्नावरून बहिष्कार असेल तर मार्च २०१८ चा शक्तिवाहिनी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सोबत ठेवा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात कुठल्याही पंचायतीनं पडायचं नाही, आणि धोका असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. मशिदीची जमात असो, मठ असो, चर्चची कमिटी असो, सगळ्यांना सारखंच लागू.

मग पंचांना काहीच अधिकार नाही का? आहे की. पालखीचा मान कुणाला, ओटी कधी भरायची, कमिटीत कुणाला घ्यायचं, हे त्यांचं. पट्टी, म्हणजे वर्गणी, मागू शकतात, सक्तीनं वसूल करू शकत नाहीत. वार पाळा अशी विनंती करू शकतात. पण पुजारीपणासारखं पिढीजात पद, किंवा त्या पदाला जोडलेला मान, काढून घेतला तर दिवाणी कोर्टात जाता येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ९ वं कलम सांगतं, की पदाचा हक्क धार्मिक विधींवर अवलंबून असला तरी तो दावा दिवाणीच.

[स्क्रीनवर: ठाण्यात जाताना]

आता तक्रारीचं. भाषेवरून घाबरू नका. घटनेचं ३५० वं अनुच्छेद सांगतं, गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याला संघाच्या किंवा राज्याच्या वापरातल्या कोणत्याही भाषेत देता येतो. व्यवहारात मात्र मराठी अर्जाला कन्नड तर्जुमा जोडा, काम लवकर होतं. फिर्याद कन्नडमध्ये लिहून घेतली तर सही करण्याआधी वाचून दाखवायला लावा, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून घ्या. वाचून दाखवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. “पंचांनी दंड मागितला” आणि “पंचांनी देणगी मागितली” यातला फरक भाषांतरात हरवतो, आणि खटला तिथंच मरतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

“समस्त गावकरी” असं आरोपीच्या जागी लिहू नका. पाचशे लोकांविरुद्धची तक्रार कुणाविरुद्धच नसते, शिवाय जे तुमच्या बाजूनं साक्ष देणार तेही त्यात अडकतात. बैठकीत बोललेले तिघे-चौघे, त्यांची नावं, त्यांचं वाक्य. साक्षीदार म्हणून तोच शेजारी लागतो ज्याला “बोललास तर तुलाही दंड” असं सांगितलं गेलं. एक जरी उभा राहिला तरी पुरे. जमिनीची भाऊबंदकी त्याच तक्रारीत घुसडू नका, नाहीतर “हा दिवाणी वाद आहे” म्हणून फाईल बंद होते.

बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, क्लिप कापू नका. कोर्टात ती दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. दहा ठिकाणी फॉरवर्ड झालेल्या क्लिपपेक्षा तुमच्या फोनमधली पहिली प्रत जपा.

ठाण्यानं घेतलंच नाही तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना, बेळगाव शहर हद्दीत असाल तर पोलीस आयुक्तांना स्पीड पोस्टानं. तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. बैठक चंदगड हद्दीत झाली आणि पाणी इकडं तुटलं, तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, पुढं हद्दीप्रमाणं वर्ग होतो. आणि चंदगडात झालेल्या त्या बैठकीपुरता महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा चालू शकतो, हे वकिलाला मुद्दाम विचारा.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका कायदे सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. जाताना आधार कार्ड, पाणीपट्टीची पावती, डेअरीचं पुस्तक आणि पीडीओच्या अर्जाची पोच न्या. माफीनाम्यावर सही झाली असेल तर तेही आधीच सांगा. तुमच्या वकिलाला ते समोरच्याकडून कळलं, तर पुढची तारीख ते निस्तरण्यातच जाते.