सांगशाकची यादी: नाव, नंबर आणि गाव

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांपैकी कोहिमा आणि इम्फाळ ही नावं बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असतात. सांगशाक म्हटलं की मात्र "कुठलं?" असा प्रश्न येतो. मणिपुरात उखरुलच्या दक्षिणेला डोंगरमाथ्यावर वसलेलं हे तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४ मध्ये ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने तिथे जपानी फौज अडवून धरली. ब्रिगेडमध्ये १५२वी आणि गुरख्यांची १५३वी बटालियन होती, आणि त्यांच्या जोडीला होती ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. म्हणजे रत्नागिरी, सातारा, कुलाबा जिल्ह्याकडची (आजच्या रायगडची) माणसं. एक भाऊ पलटणीत, दुसरा मुंबईला गिरणीत, अशी कितीतरी घरं तेव्हा होती. म्हणून सांगशाकला पडलेल्या जवानांची ही यादी मुंबईत वाचली जायला हवी.

पहिला घाला १९ मार्चला पुढच्या एका टेकडीवर आला. तिथली १५२व्या बटालियनची कंपनी जवळजवळ संपली. मग सगळे सांगशाकला मागे आले आणि २२ तारखेपासून खरी झुंज लागली. माथ्यावर माती जेमतेम, तीन फुटांवर कातळ. खंदक छातीइतके खोल जाईनात. काटेरी तार नव्हती, आणि पाणी होतं ते खाली उताराला. दारूगोळा आणि रेशन विमानातून टाकत, पण घेरा एवढासा की उंचावरून सोडलेली छत्री जराशी वाहवली तरी थेट जपान्यांच्या हाती. मेलेली खेचरं त्या खडकात पुरायची तरी कशी? २६च्या रात्री माघारीचा हुकूम आला. चालता येत होतं ते अंधारात निघाले, चालता येत नव्हतं अशा जखमींना मागे ठेवावं लागलं. जपान्यांच्या ५८व्या रेजिमेंटला इथे माणसंही गमवावी लागली आणि मोलाचे दिवसही. कोहिमाचा वेढा सुरू झाला तो एप्रिल उजाडल्यावर.

यादीच्या दृष्टीने कळीची गोष्ट ही, की रणभूमी शत्रूच्या हातात गेली. कोण कुठे पडला याची नोंद घ्यायला आपलं माणूस तिथे उरलं नाही. पुढचे सगळे घोटाळे इथून सुरू होतात.

पहिला घोटाळा जागेचा. घरचे लोक नाव इम्फाळच्या स्मशानभूमीत शोधतात. तिथे किंवा तिथल्या दहनस्मारकावर नाव नसलं तर निराश होऊन थांबतात. ज्यांचं शव मिळालं नाही, अशांची नावं म्यानमारमधल्या टाउक-चानच्या रंगून स्मारकावर आहेत. जवळपास २७ हजार नावांचं स्मारक आहे ते. माणूस मणिपुरात पडला, पण नाव दुसऱ्या देशात. तेव्हा युद्धात पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत स्मारकाचा रकाना मोकळा ठेवूनच शोधा. तारीखही एकच घालू नका. १९ मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत घ्या. बेपत्ता माणसाची तारीख अंदाजाने लागलेली असते, आणि जखमी कितीतरी दिवसांनी इस्पितळात दगावलेला असू शकतो.

दुसरा घोटाळा नावाचा, आणि इथे सर्वांत जास्त वेळ जातो. आपण आडनावाच्या रकान्यात आडनाव घालतो. भारतीय जवानांची नावं मात्र तिथे बहुधा सलग, स्वतःच्या नावापासून लिहिलेली आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचंच पाहा. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत पडले, नाव कॅसिनो स्मारकावर आहे, माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण नोंदीत "घाडगे" नव्हे, "यशवंत" या शब्दापासून सुरुवात. म्हणून आधी स्वतःचं नाव घाला. मग इंग्रजी स्पेलिंगं बदलून पाहा: सावंत व्हीने आणि डब्ल्यूने, बाबूराव जोडून आणि तोडून. रामा, रामजी, रामचंद्र हा एकच माणूस असू शकतो.

गाव पडताळताना १९४४चा नकाशा समोर हवा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा, रायगड हे नावही त्याच वर्षीचं. त्याआधी रत्नागिरी आणि कुलाबा. सावंतवाडी तर वेगळं संस्थान होतं. सांगलीचा भाग १९४९पर्यंत साताऱ्यात. शिवाय बुद्रुक-खुर्द गळलेलं असतं, आणि कधी गावाच्या जागी पोस्टाचं नाव बसलेलं असतं.

सगळ्यात भक्कम खूण म्हणजे जवानाचा लष्करी नंबर. तो घरातच असू शकतो, ट्रंकेत, पदकावर. दुसऱ्या महायुद्धाची पदकं भारतीय जवानांना नाव-नंबर कोरून दिली गेली. गोल पदक असेल, एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसरीकडे ड्रॅगनवर उभा सिंह, तर त्याची कड पाहा. सहा टोकांची तांब्याच्या रंगाची चांदणी असेल तर ती उलटी करा. कृपा करून पदक पॉलिशने घासू नका. अक्षरं बारीक नि उथळ असतात, दोन-चार वेळा घासली की पहिले आकडे जातात. टॉर्च आडवा धरून वाचा, किंवा पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमाने उठेल. नाव-गाव जुळलं पण नंबर वेगळा निघाला, तर तो माणूस दुसरा समजावा. एका गावात एकाच नावाचे दोघे भरती झालेले असू शकतात. नंबर हाती आला की मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. पत्रात हुद्दा, बटालियन, बापाचं नाव, गाव-तालुका-जिल्हा सगळं द्या. "आमचे आजोबा बर्मात गेले" एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही.

गावात फलक लावणार असाल तर नाव घरच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि त्याखाली नोंदीतलं इंग्रजी स्पेलिंग, दोन्ही कोरा. हुद्दा तेव्हाचाच ठेवा, जमादाराला नायब सुभेदार करू नका. नोंदीत चौथी बटालियन आणि त्या आठवड्याची तारीख असेल तरच सांगशाक लिहा. नुसतं "बर्मा" कळत असेल तर बर्माच लिहा. खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडा, नावं मागाहून सापडतात.

आणि २६ मार्चला यादी वाचाल तेव्हा घाई करू नका. नंबर वाचायची गरज नाही. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव. वाडी कळली असेल तर वाडीसुद्धा.