आजोबांची दुनाली आणि दोन दुकानदार

नमस्कार मंडळी! ग्वाल्हेरहून बोलतेय, इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घरातून. आजचा विषय ऐकून पुण्याचे नातेवाईक दचकतील, पण आमच्या चंबळच्या पट्ट्यात बंदुकीचं दुकान म्हणजे काही नवल नाही. लायसन्स, काडतूस, दुरुस्ती, सगळ्यासाठी माणूस तिथंच जातो.

आजोबा गेले आणि मागे राहिली त्यांची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. परवाना त्यांच्या नावाचा. म्हणजे ते गेले त्या दिवसापासून ती घरात ठेवायचा आम्हाला कुणालाच हक्क नव्हता. १९५९च्या शस्त्र कायद्यात कलम २१ आहे : ताबा कायदेशीर राहिला नाही की उगाच उशीर न लावता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात, नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं. आम्हाला हे तेराव्यानंतर कळलं!

आत्या गेली आजोबांच्या नेहमीच्या दुकानात. आजोबा वर्षानुवर्षं तिथूनच काडतुसं घ्यायचे, चहासुद्धा ठरलेला. काउंटरवरच्या माणसानं तिच्या हातातली परवान्याची पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "भाईसाहब को भेज दीजिए." आत्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती तिथून कशी बाहेर पडली असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

पण मला राग त्या वाक्याचा कमी आणि दुसऱ्याच गोष्टीचा जास्त येतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकानं सत्तरी गाठली, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. आजोबा दोन्हींत बसत होते. काडतूस दिलं की त्याची नोंद परवान्यावर होते, म्हणजे वय, तारखा, सगळं त्या दुकानदाराच्या डोळ्यांखालून दरवेळी जात होतं. एकदा तरी म्हणायचं ना, काका, आता मुलीच्या नावावर करून टाका! याला मी गिऱ्हाइकी म्हणत नाही, नुसती विक्री म्हणते.

दुसरा दुकानदार म्हातारा. त्यानं आधी आत्याला बसवलं, मग पुस्तिका मागितली, चष्मा पुसून पानन्‌पान वाचलं. आधी ठाण्यात लेखी कळवा, मग बंदूक इथं जमा करा, मग वारस म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हे सगळं त्यानं कागदावर लिहून दिलं. त्या दिवशी त्यानं काहीही विकलं नाही.

जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर आणि तिची अवस्था लिहून घ्या बरं का. निवडणूक लागली की आमच्याकडे बहुतेकांना हत्यारं जमा करावी लागतात, आणि मग परत घेताना "हा ओरखडा आधीचाच" यावरून भांडणं होतात. आमच्या म्हाताऱ्यानं ओरखडेसुद्धा मोजून लिहिले होते.

आम्ही बसलेलो असतानाच एक तरुण आला, घरात लग्न आहे, काडतुसं हवीत म्हणाला. परवाना होता, पैसेही होते. म्हाताऱ्यानं सरळ नाही म्हटलं. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर हर्ष फायर, म्हणजे आनंदाच्या भरात गोळीबार, करून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरुण तणतणत गेला. म्हातारा आम्हाला म्हणाला, येईल परत, वरातीचं भूत उतरलं की.

त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. पाच वर्षांत माणूस तारीख विसरतोच. हा म्हातारा वहीत लिहून ठेवतो आणि आधी फोन करतो.

आत्याचा परवाना आला. पहिली काडतुसं घ्यायला मीही गेले होते. त्यानं डबी पुढे सरकवली आणि आत्याचं सासर पुण्याचं हे लक्षात ठेवून म्हणाला, "घ्या ताई, खडकीची आहेत. तुमच्याच गावची."