तुळईला विचारा
(मंडळातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फिनिक्सहून मोटारीने: वाळवंटातल्या दऱ्या आणि प्राचीन वस्त्या’. रस्ते, थांबे, किती वाजता निघायचं, सगळं सांगणार आहे. वही आणली असेल तर उघडी ठेवा. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यासाठीच मी हे निमंत्रण घेतलं.

ग्रँड कॅन्यन न पाहिलेलं इथे कोणी आहे? एकही हात नाही. बरोबर, भारतातून आई-बाबा आले की पुढच्याच शनिवारी आपण त्यांना कठड्यापाशी उभं करतो. माँटेझुमा कॅसल? बरेच हात आहेत. वुपाटकी? थोडे. बेटाटाकिन? मागे एक काकू आहेत. काकू, चहाच्या वेळी मला भेटा, तुमच्याकडून ऐकायचंय.

आता माझी तक्रार. अशा प्राचीन वस्त्यांत, कड्याच्या कुशीत बांधलेल्या दगडी घरांसमोर उभं राहिलं, की कोणीतरी एक वाक्य म्हणतंच: ‘हे लोक अचानक नाहीसे झाले, कुठे गेले कोणालाच ठाऊक नाही.’ एका सहलीच्या बसमध्ये वाटाड्याने ते आवाज खाली आणून सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, एलियन आले होते का? वाटाड्या नुसता हसला. मला तेव्हा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कारण तिथून काही तासांच्या अंतरावर त्याच लोकांचे वंशज राहतात. इथले मूळनिवासी होपी लोक आजही पाटाच्या पाण्याशिवाय, वाळूत खोल बी पेरून मका काढतात. झुनी आहेत, अकोमा आहेत, रिओ ग्रांदे नदीच्या काठची प्वेब्लो लोकांची गावं आहेत. ही घरं आमच्या पूर्वजांची, हे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. त्यांना विचारायचं सोडून आपण गूढ विकत घेतो!

आणि ते अचानक नाहीसे झाले नाहीत, याचा पुरावा कुठे आहे? छतात. तुळईत.

ही हकिकत आपल्या ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावाची आहे. अँड्र्यू एलिकॉट डग्लस हा खगोलशास्त्रज्ञ. १८९४ साली पर्सिव्हल लॉवेलने त्याला वेधशाळेसाठी जागा शोधायला ॲरिझोनात पाठवलं. लॉवेलला मंगळावर कालवे दिसत होते. डग्लसला त्या निरीक्षणांबद्दल शंका येऊ लागली, आणि १९०१ साली त्याची नोकरी गेली. (त्याच वेधशाळेत पुढे १९३० साली प्लूटो सापडला. मुलांना घेऊन जरूर जा, रात्री दुर्बिणीतून बघू देतात.) डग्लसच्या डोक्यात मात्र सूर्यावरचे डाग होते. ते साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात. त्याचा पावसावर परिणाम होत असेल, तर जुन्या पावसाची नोंद कुठे मिळेल? फ्लॅगस्टाफभोवती पाइनचं जंगल. पाऊस चांगला झाला की खोडात त्या वर्षाचं वलय रुंद, दुष्काळात अरुंद. एका झाडातला रुंद-अरुंदांचा क्रम दुसऱ्या झाडात ओळखता येतो. जिवंत झाडाचा आतला भाग जुन्या तुळईच्या बाहेरच्या भागाशी जुळला, की काळात आणखी मागे जाता येतं.

मग पुरातत्त्ववाले त्याच्याकडे आले. चाको कॅन्यनमधल्या प्वेब्लो बोनिटो या भल्यामोठ्या प्राचीन दगडी वस्तीच्या तुळया त्याने तपासल्या, आणि त्यांची एकमेकींत छान साखळी जुळली. पण ती अधांतरी होती. कोणती तुळई आधीची, कोणती नंतरची, हे कळत होतं. इसवी सन कळत नव्हता. वर्तमानाकडून मागे जाणारी दुसरी साखळी लागत होती, आणि ती सर्वांत लांब कुठे मिळाली ठाऊक आहे? ओरायबीत. होपींचं गाव, बाराव्या शतकापासून सलग नांदतं. तिथल्या राहत्या घरांच्या छतांतून त्याच्या माणसांनी नमुने घेतले. घराला अपाय होऊ नये म्हणून होपींच्या सांगण्यावरून तुळईच्या भोकात पिरोजा ठेवून ते बुजवलं. मला हा तपशील फार आवडतो. शास्त्राचं काम झालं, घराचा मानही राहिला.

दोन साखळ्यांमधला दुवा १९२९ च्या जूनमध्ये शो लो गावात मिळाला. जळून कोळसा झालेली एक तुळई, क्रमांक एचएच-३९. तिचं सर्वांत आतलं वलय १२३७ सालचं निघालं. तिच्यामुळे चाको, मेसा व्हर्डी, कॅन्यन डी शे, या सगळ्या ठिकाणच्या प्राचीन वस्त्यांना एकदम तारखा मिळाल्या. आणि इतकी वर्षं दुवा का जुळत नव्हता? कारण तेराव्या शतकाच्या शेवटची वलयं इतकी बारीक होती की त्यांच्यावर विसंबता येत नव्हतं. १२७६ ते १२९९, मोठा दुष्काळ. लोक घरं सोडून निघाले ते याच सुमारास! दुष्काळ हे एकमेव कारण नव्हतं, भांडणं होती, लाकूड संपत आलं होतं, पण दिशा स्पष्ट आहे: दक्षिणेला आणि पूर्वेला, जिथे पाणी आणि आपली माणसं होती तिकडे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं? पाच. बरं, मग सहली पटापट.

पहिली, सकाळी निघून रात्री परत. आय-१७ महामार्गाने उत्तरेला साधारण दीड तासावर माँटेझुमा कॅसल. पाच मजले, वीसेक खोल्या, चुनखडीच्या कड्यात. वेरूळसारखं कोरलेलं नाही, नैसर्गिक कपारीत दगडमातीने रचलेलं आहे. ॲझ्टेक राजा माँटेझुमाचा इथे काडीचा संबंध नाही. जेवण फ्लॅगस्टाफला, मग यूएस-८९ वरून सनसेट क्रेटर हा ज्वालामुखी आणि वुपाटकी जोडणारा वळसा, ३४ मैलांचा. काळी राख, मग लाल दगडाचं शंभरेक खोल्यांचं घर, मागे पेंटेड डेझर्ट. या टापूतला सर्वांत सुंदर रस्ता, माझ्या मते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळं येतात. कोरड्या ओढ्यात पाणी दिसलं तर गाडी घालू नका.

दुसरीला फ्लॅगस्टाफला मुक्काम हवा. तिथून उत्तरेला, नावाहो या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशात, नावाहो नॅशनल मॉन्युमेंट; तिथली कड्यातली वस्ती म्हणजे बेटाटाकिन. वरच्या सज्जातून दिसतं तेवढंही पुरे. इथल्या तुळया म्हणतात, बांधकाम १२६७ ला सुरू झालं आणि १२८६ ला थांबलं. १२६९ आणि १२७२ साली काही झाडं तोडून रचून ठेवली होती आणि १२७५ ला वापरली. म्हणजे येणाऱ्या कुटुंबांसाठी आधी लाकूड जमवलं. इतकं ठरवून येणारी माणसं जातानाही ठरवूनच गेली असणार. तिथून केएंटामार्गे मॉन्युमेंट व्हॅली.

तिसरी, कॅन्यन डी शेजवळच्या चिन्ली गावी मुक्काम. मार्ग २६४ ने होपींच्या सेकंड मेसावरून (मेसा म्हणजे सपाट माथ्याचा डोंगर) जा. गावात फोटो, चित्रं, ध्वनिमुद्रण काहीच चालत नाही. कॅमेरा गाडीतच ठेवा. सांस्कृतिक केंद्रात जेवा, शाकाहाराचं आधी विचारून घ्या. पुढे कॅन्यन डी शे. दक्षिण कड्यावरच्या रस्त्याने शेवटपर्यंत, स्पायडर रॉकपर्यंत जा. दरीत उतरायचं तर नावाहो वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि घ्याच. खाली नावाहो कुटुंबं शेती करतात. १८६४ साली अमेरिकी लष्करी अधिकारी किट कार्सनच्या फौजेने याच दरीतली पिकं जाळली, त्याच वर्षी पीचच्या बागा तोडल्या गेल्या आणि लोकांना पायी शेकडो मैल दूर नेलं. १८६८ चा करार करून ते परतले. हे त्यांच्याच तोंडून ऐका.

घड्याळाचं राहिलं. उन्हाळ्यात नावाहो भागात वेळ एक तास पुढे असते, होपींकडे मात्र आपलीच, फिनिक्सची. वाटाड्या ठरवताना कोणती वेळ ते विचारून घ्या.