युरोपची ग्रुप टूर: निवृत्त जोडप्याने शहरं नाही, रात्री मोजाव्यात

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय युरोपच्या ग्रुप टूरबद्दल, आणि तेही नोकरीतून मोकळ्या झालेल्या, साठी-पासष्टी ओलांडलेल्या नवरा-बायकोंसाठी. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या पंधरवड्याच्या टूरचा कागद हातात आला की डोळे आधी नावांवर जातात. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, रोम. जितकी नावं जास्त तितकी टूर भरगच्च, असं वाटतं. आमचं सांगणं आहे की नावं जरा बाजूला ठेवा आणि पेन्सिल घेऊन रात्री मोजा.

(पडद्यावर: टूरचा कार्यक्रम, प्रत्येक हॉटेलसमोर रात्रींची संख्या)

कुठल्या हॉटेलात किती रात्री, हे प्रत्येक ओळीसमोर लिहा. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे संध्याकाळी बॅग उतरवायची, चावी मिळेपर्यंत लॉबीत थांबायचं, चाळीस जणांसाठी असलेल्या दोन चिंचोळ्या लिफ्टसमोर रांग लावायची आणि सकाळी तेच सगळं उलट. ग्रुप टूरमधला ‘सहा-सात-आठ’ ऐकला असेल: सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. सलग दोन दिवस हे जमतं. सलग पाच दिवस एकेका रात्रीचे असतील तर सहाव्या दिवशी माणूस बसमधून खाली उतरायलाच तयार होत नाही, मग बाहेर साक्षात आयफेल टॉवर का असेना. म्हणून निदान तीन ठिकाणी दोन किंवा जास्त रात्री असलेली टूर घ्या. दोन शहरं कमी झाली तरी चालतील.

पुढचा प्रश्न, बस रोज किती चालणार? युरोपात कोचच्या ड्रायव्हरला कडक कायदा आहे. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून फक्त दोनदा १० तास. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रात्रीची विश्रांती साधारणपणे सलग ११ तास. या सगळ्याची नोंद गाडीतल्या टॅकोग्राफमध्ये होते आणि पोलीस रस्त्यात ती तपासतात. आता हिशेब करा. रात्री दहाला बस हॉटेलवर पोचली, तर सकाळी नऊच्या आधी ती सहसा नियमाप्रमाणे हलू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवसाचं पहिलं ठिकाण हातचं जातं. खरेदीत वीस मिनिटं जास्त घालवणाऱ्या चौघांवर टूर मॅनेजर चिडतो त्यामागे हे कारण असतं. कोचचा वेग १०० किलोमीटरला बांधलेला असतो, त्यामुळे ५०० किलोमीटरचा टप्पा म्हणजे थांबे धरून आठ तास सहज. असे टप्पे कागदावर ‘निसर्गरम्य प्रवास’ या शब्दांखाली असतात. दोन शहरांमधलं अंतर नकाशावर स्वतः बघा.

कागदातले शब्दही नीट वाचा. ‘भेट’ आणि ‘प्रवेश तिकिटासह’ हे वेगळं. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटं बाहेरून. ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बसमधून किंवा चालत एक फेरी. ‘ऑप्शनल’ म्हणजे पैसे वेगळे, आणि ते तिथे युरोमध्ये. हॉटेलची नावं विचारा, निदान कुठल्या भागात आहे ते तरी विचारा. मोठ्या कोचला पार्किंग लागतं म्हणून ग्रुपची हॉटेलं बहुतेक वेळा शहराबाहेर हायवेजवळ असतात. त्यात गैर काही नाही. पण संध्याकाळी दोघं मिळून पॅरिसमध्ये एक फेरफटका मारू असं मनात असेल, तर ते जमणार नाही हे बुकिंगच्या आधी कळलेलं बरं.

पैसे भरताना एक लक्षात ठेवा. परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस घेते. तो खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. दोघांचे पैसे एकाच पॅनवर गेले की सगळी जमा एकाच नावावर दिसते. प्रत्येकाची पावती ज्याच्या-त्याच्या पॅनवर घ्या, आणि करपात्र उत्पन्न नसलं तरी रिटर्न भरून परतावा मागा.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, म्हणून मे महिन्याच्या टूरचे कागद जानेवारीत तयार हवेत. टूरमध्ये लंडनही असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. तेव्हा दोन व्हिशांसाठी वेळ दुप्पट धरा. पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत. टूर कंपन्या सहा महिने वैधता मागतात, ते योग्यच आहे.

निवृत्तांच्या फाइलमध्ये नोकरीचं पत्र नसतं, त्याची जागा पेन्शन ऑर्डर भरून काढते. बँकेचं शिक्का मारलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पेन्शन जमा झालेल्या नोंदींसह. तीन वर्षांची आयकर विवरणं, मुदत ठेवींच्या पावत्या. मुलगा किंवा मुलगी खर्च करणार असेल तर त्यांचं पत्र आणि त्यांचीही कागदपत्रं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका. ती कुठून आली हा प्रश्न हमखास उभा राहतो, आणि फाइल मजबूत व्हायच्या ऐवजी कमकुवत होते.

आपल्याकडे अडकतं ते नावात. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या, बँकेत मधलं नाव फक्त आद्याक्षरात. तिकीट आणि व्हिसा पासपोर्टच्या नावानेच निघतात, त्यामुळे बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावे लागतात. विवाहाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नसेल तर ते आधी घालून घ्या. बुकिंगनंतर ही धावपळ झेपत नाही.

बोटांचे ठसे हा आणखी एक मुद्दा. एकदा दिलेले ठसे शेंगेनमध्ये ५९ महिने चालतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांना मात्र द्यावेच लागतात. वयाने बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ते उचलत नाही. आठवडाभर रोज रात्री बोटांना क्रीम लावा. लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर प्रवेशाच्या वेळी ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे. तिथे रांग लांबते. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची मागणी प्रवासाच्या निदान ४८ तास आधी टूर कंपनीकडून एअरलाइनला गेली पाहिजे. यात कमीपणा कसला? विमानतळावरचं दोन किलोमीटर चालणं वाचलं, तर तेच पाय व्हेनिसला कामी येतात.

विमा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पण किमान म्हणजे पुरेसं असं समजू नका, साठीनंतर जास्त रकमेचा घ्या. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी, सगळं प्रस्तावात लिहा. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून लपवलं, तर नेमक्या त्याच आजाराचा दावा नाकारला जातो. आधीपासूनच्या आजारात जीव धोक्यात आल्यावर पॉलिसी काय देते, ती ओळ शोधून वाचा. विमा कंपनीचा मदत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये आणि कागदावर हवा. दवाखान्यात दाखल होण्याआधी किंवा लगेच त्यांना कळवायचं असतं.

(पडद्यावर: औषधांच्या दोन पिशव्या)

औषधांना आम्ही सर्वात जास्त वेळ देणार आहोत. टूर चौदा दिवसांची असेल तर एकवीस दिवसांच्या गोळ्या घ्या, त्यांचे दोन संच करा आणि दोघांच्या हातातल्या बॅगांमध्ये एकेक ठेवा. स्ट्रिप फोडून सुट्या डबीत भरू नका, नाव आणि तारीख दिसली पाहिजे. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपले ब्रँड तिथल्या फार्मसीला माहीत नसतात. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर या चिठ्ठीशिवाय नेऊच नका. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकायचं नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. उन्हाळ्यात युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. त्या पहिल्या लांबलेल्या दिवशी इन्सुलिन आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आणि एक गोष्ट, जी लोक लाजून विचारत नाहीत. कोचमधलं टॉयलेट बहुतेक वेळा बंद ठेवलेलं असतं. थांबे दोन-अडीच तासांनी. हायवेवरच्या टॉयलेटला ५० सेंट ते १ युरो लागतो, जर्मनीत बऱ्याच ठिकाणी १ युरो. म्हणून सुटी नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. पण खरी चूक वेगळीच होते. थांबा लांब आहे म्हणून मंडळी पाणी पीत नाहीत आणि रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायांवर सूज, पोटऱ्यांत गोळे, चक्कर. गोळी बंद करू नका. ती दुपारी किंवा हॉटेलवर पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरीच त्या वेळेची सवय करा. पाणी थोडं-थोडं, पण दिवसभर प्या.

चालण्याचा सराव तीन महिने आधीपासून. बागेतल्या सपाट ट्रॅकवरचं चालणं इथे पुरत नाही, कारण रोममध्ये दगडी फरशी आहे आणि व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. रोज तीन मजले चढा आणि उतरा. उतरणं विसरू नका, गुडघ्याची परीक्षा तिथेच होते. जे बूट नेणार तेच घालून हा सराव करा. नवे बूट टूरला नेले की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला.

स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि आपण काही तासांत खालून थेट तिथे पोचतो. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांचा होकार घ्या. वर गेल्यावर सावकाश चाला, पहिली दहा मिनिटं बसा, डोकं जड झालं तर टूर मॅनेजरला सांगून परतीची गाडी पकडा. सगळे बर्फात उतरले म्हणून आपणही उतरलंच पाहिजे असं नाही.

सामान. एअरलाइन २३ किलो देते म्हणून २३ किलो भरू नका. ड्रायव्हर बॅग कोचच्या पोटात ठेवतो, पण बसपासून खोलीपर्यंत ती आपल्यालाच न्यायची असते. एकट्याने दोन पायऱ्या उचलता येईल इतकीच भरा, म्हणजे १५ किलोच्या आसपास. दोघांचे निम्मे कपडे एकमेकांच्या बॅगेत टाका. एक बॅग आली नाही तरी दोघांचंही निभावतं. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचाच. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत.

खाऊबद्दल स्पष्ट सांगतो. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, तूप, दूध पावडर घरीच. ताजी फळं, भाजी, कढीपत्ताही नको. चिवडा, चकली, भाजलेले शेंगदाणे, खाकरा खुशाल न्या, पण बंद पाकिटात.

हॉटेलच्या खोलीत सर्वात धोकादायक जागा म्हणजे बाथटब. कड उंच, तळ गुळगुळीत. बुकिंगच्या वेळीच शॉवर असलेली खोली मागा, लेखी. नाही मिळाली तर रबरी चटई अंथरल्याशिवाय टबात पाय टाकू नका. हँड शॉवर-जेट नसतो, तेव्हा एक रिकामी बाटली किंवा प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्या. किटली सगळीकडे मिळत नाही, छोटी नेली तर चहाची सोय होते, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. पण आपली जाड गोल पिन तिथे बसत नाही, स्वित्झर्लंडचं सॉकेट तर आणखी वेगळं, म्हणून युनिव्हर्सल ॲडॉप्टर घ्या. खोलीत उदबत्ती लावू नका. धुराचा अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं आणि बिल आपल्या नावावर.

रस्ता ओलांडताना (लंडन सोडून) आधी डावीकडे बघा, कारण तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि आपली मान सवयीने उजवीकडे वळते. ॲमस्टरडॅममध्ये लालसर पट्टा हा सायकलींचा आहे, त्यावर फोटोसाठी थांबू नका. पासपोर्ट कपड्याच्या आत, गळ्यातल्या पाकिटात. आपत्कालीन क्रमांक ११२.

घर बंद करताना गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा मुख्य कॉक, दूध-पेपर हे सगळ्यांना माहीत असतं. ओटीपी मात्र विसरतात. बँकेला दिलेल्या सिमवर रोमिंग सुरू नसेल तर परदेशात कार्ड हातात असूनही व्यवहार अडतो. आणि टूर नोव्हेंबरची असेल तर हयातीचा दाखला. केंद्राच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो, ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उरकून टाका, पावतीचा क्रमांक लिहून ठेवा आणि मगच बॅगेला कुलूप लावा.