वॉश सुकेपर्यंत: स्वतःची वेबसाईट सांभाळणाऱ्या चित्रकाराचा दिवस

नमस्कार. हात कॅमेऱ्यासमोर आणत नाही, निळे झालेत.

माझ्या मागे टेबलावर दिसतोय तो आत्ताच मारलेला वॉश. जलरंगातला पहिला थर. हा नीट सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो, घाई केली की चिखल होतो. म्हणजे माझ्याकडे आता साधारण वीस मिनिटं मोकळी आहेत. आणि खरं सांगायचं तर माझी वेबसाईट गेली कित्येक वर्षं अशा वीस-वीस मिनिटांवरच चाललीय.

वेबसाईट बनवायची कशी, यावर व्हिडिओंचा ढीग पडलाय. मला बनवायला तीन दिवस लागले होते. चौथ्या दिवशी काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आजचा व्हिडिओ त्या चौथ्या दिवसाबद्दल आहे, जो अजून संपलेला नाही.

बरं, वेळ सगळ्यात जास्त कशात जातो? लोकांना वाटतं कोडमध्ये. छे. फोटो काढण्यात!

पांढरा कागद आणि कॅमेरा यांचं जमत नाही. समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं असणार, असं कॅमेरा धरून चालतो. आणि माझ्या चित्रात अर्धा कागद कोरा. मग त्याला वाटतं, फारच उजेड आहे, तो सगळं मंद करून टाकतो आणि शुभ्र कागद राखेसारखा दिसतो. त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, हातानं एक-दीड स्टॉप (उजेड मोजायची पायरी) वर न्यायचं, आणि पहिल्या फोटोत चित्राशेजारी करडं कार्ड ठेवायचं, म्हणजे नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, त्याच्यावरून लावता येतो. दिवे दोन, दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, चित्राशी ४५ अंशांत. लेन्स चित्राच्या बरोबर मध्यासमोर. मोबाईलची वाइड लेन्स शक्यतो नको, तिच्यात सरळ कडासुद्धा फुगीर येतात. तैलरंग असतील तर चकाकीची वेगळी डोकेदुखी, त्यात आज शिरत नाही.

एवढं करूनही रंग हुबेहूब येत नाही. इथे जरा थांबते, कारण हे मला फार उशिरा कळलं.

स्क्रीन सगळे रंग दाखवू शकत नाही. वेबवर रंगांचं जे ठरलेलं प्रमाण चालतं, एसआरजीबी, ते १९९९ साली पक्कं झालं, आणि ते बेतलं होतं त्या काळच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरच्या कुवतीवर. फोटोच्या फाइलनं आपल्या रंगांबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर ब्राउझर साधारणपणे हेच प्रमाण धरतो. आता माझ्या डबीतला कोबाल्ट टील घ्या, तो हिरवट झळाळता निळा. तो या कुंपणाच्या बाहेर पडतो. फोटोत कितीही खटपट करा, तो थोडा मेलेलाच दिसणार. ही तुमची चूक नाही. मी दोन रात्री त्याच्यामागे घालवल्यात, तुम्ही नका घालवू.

चूक झाली ती वेगळीच. माझा कॅमेरा अडोबी आरजीबीवर लावलेला होता, जे जास्त ऐसपैस रंगप्रमाण आहे. ऐकायला छान वाटतं ना? साईटवर टाकताना फाइल छोटी करणाऱ्या प्रोग्रामनं रंगांची ती चिठ्ठी, म्हणजे कलर प्रोफाइल, काढून टाकली. आकडे तेच राहिले, पण त्यांचा अर्थ बदलला. सगळी चित्रं साईटवर फिकी, धुतल्यासारखी. मला कळलंच नाही, कारण मूळ फाइल माझ्या मशीनवर झकास दिसायची. एका बाईंनी चित्र घेतलं, पार्सल उघडलं आणि मला विचारलं, "हे तेच आहे ना? साईटवर तर मातकट दिसत होतं." त्यांना ते जास्त आवडलं हे माझं नशीब. उलटं झालं असतं तर? तेव्हापासून आधी फाइल एसआरजीबीत बदलून घेते, मगच छोटी करते, आणि टाकून झाल्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाईलवर उघडून बघते.

छोटी म्हणजे किती? २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० चा असतो. साईटवर लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल पुरते. फाइल काही एमबींवरून काही शे केबींवर येते, पान पटकन उघडतं आणि तुमची छापण्याजोगी मूळ फाइल घरातच राहते.

घरावरून आठवलं. मोबाईलनं काढलेल्या फोटोत, लोकेशन चालू असेल, तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लपून बसलेले असतात. आपण चित्राचे फोटो कुठे काढतो? घरी. म्हणजे दार-खिडकी न दाखवता आपण पत्ता वाटत असतो. काही साईट ही माहिती आपणहून काढून टाकतात, काही नाही काढत. तुम्ही स्वतः काढा. एक्झिफ म्हणतात तिला, फोटोच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये पर्याय असतो.

(उठून वॉश बघते) अजून चमकतोय. बसू या.

फोटो झाला की नोंद. नाव, माध्यम, कागद, माप, साल. एवढंच. पण हे चित्र संपलं त्याच दिवशी लिहायचं, कारण सहा महिन्यांनी माप आठवत नाही आणि चित्र तोवर दुसऱ्याच्या भिंतीवर गेलेलं असतं. मी लिनोकटही करते, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर कोरून कागदावर ठसे काढते, तिथे तर हे आणखी महत्त्वाचं. वीस ठशांची एडिशन असेल तर कोणता ठसा कुणाकडे गेला, चाचणीचे ठसे किती काढले, हे सगळं त्याच नोंदीत. साईटवर त्यातलं थोडंच दिसतं. बाकीचं माझ्यापुरतं. पण साईट आहे म्हणून ते लिहिलं जातं, नाहीतर मी कसली लिहितेय!

आणि मग ती एक ओळ. ऑल्टची ओळ.

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांच्या फोनमधला स्क्रीन रीडर पान मोठ्यानं वाचतो. चित्र आलं की त्याच्या मागे लिहिलेली ऑल्टची ओळ वाचतो. ओळ नसेल तर काही वेळा फाइलचं नावच वाचून दाखवतो. आयएमजी अंडरस्कोर चार हजार बारा. झालं, हेच तुमचं चित्र.

सुरुवातीला मी त्या ओळीत काय लिहायचे, सांगू? "अस्वस्थ एकांताचा शोध." आता हे कुणी ऐकलं तर त्याला काय कळणार? त्या चित्रात एक खुर्ची होती. मग लिहिलं, "पाठमोरी लाकडी खुर्ची, रिकामी खोली." बरं, पण अजून नेमकं नव्हतं. चित्राकडे बघत बसले. "खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल, त्याच्याखाली फरशीवर पाण्याचा डाग." आणि तेव्हा लक्षात आलं की आख्खं चित्र त्या टॉवेलचं आहे. खोलीत कुणीतरी आत्ताच होतं. मी दोन आठवडे ते चित्र रंगवत होते आणि हे मला एका ओळीनं दाखवलं. चित्राचं नाव बदललं मी त्या दिवशी. एकांत वगैरे गेला, "टॉवेल" राहिलं.

म्हणून कुणी विचारलं की साईटचा उपयोग काय, तर मी विक्रीबद्दल बोलतच नाही. विक्री होते अधूनमधून. पण स्वतःचं चित्र साध्या शब्दांत सांगायला लावणारी दुसरी जागा मला सापडलेली नाही.

मग सोशल मीडियावर का नाही लिहीत? लिहिते की. पण ती दुसऱ्याची भिंत. जिओसिटीज नावाची जागा होती, १९९४ ची. लाखो लोकांनी तिथे हौसेनं आपापली पानं मांडली होती. याहू कंपनीनं ती १९९९ मध्ये विकत घेतली, २००९ मध्ये बंद केली. २०१९ मध्ये मायस्पेस या सोशल मीडियाच्या साईटनं मान्य केलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. लोकांनी स्वतः चढवलेलं बारा-बारा वर्षांचं काम!

पण स्वतःची साईट असली म्हणजे सुटलो, असंही नाही हं. फ्लॅश आठवतंय? कॅमेऱ्याचा नव्हे, ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणारा प्रोग्राम. एके काळी चित्रकारांच्या झगमगीत साईट त्यातच असायच्या. दार उघडायचं, पानं उलटायची, संगीत वाजायचं. २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा आधार संपला आणि पुढच्या १२ जानेवारीपासून ते चालेनासंच झालं. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, आपलं, होस्टिंग, म्हणजे ती ठेवायची जागा, आपलं, आणि आत पांढरा चौकोन. उलट १९९१ मधलं वेबवरचं पहिलं पान, साधा मजकूर आणि दुवे, ते आजच्या ब्राउझरमध्येही व्यवस्थित उघडतं. मी माझी साईट दिसायला कंटाळवाणी ठेवलीय ती यामुळे. साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची मूळ भाषा, आणि जेपेग फोटो, बास. कुणी म्हणतं जुनाट दिसते. दिसू दे.

आता डोमेनचं एक. डॉट कॉमसारखं नाव आपण विकत घेतो असं म्हणतो, पण ते भाड्यानंच असतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. माझं एकदा संपलं. आठवण करणारे मेल येत होते, पण मी सोडून दिलेल्या जुन्या पत्त्यावर. साईट गायब झाली त्याचं एवढं नाही वाटलं. पण माझा कामाचा मेलही त्याच नावावर होता, तोही बंद! तीन दिवस कुणी मला लिहीत नाही म्हणून मी आपली खुशीत चित्रं काढतेय.

अशा वेळी घाबरायचं नाही, पण हलायचं लगेच. मुदत संपली तरी नाव त्याच दिवशी दुसऱ्याला जाईलच असं नसतं, पण या काळात काय होतं ते डोमेन देणाऱ्या कंपनीवर ठरतं. डॉट कॉमसारख्या नावांना, ती कंपनीकडून रद्द झाली की, सोडवून घ्यायला आणखी ३० दिवस मिळतात, दंड भरून. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. आणि डोमेनच्या खात्याला मेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे ते.

मेलवरून अजून एक, पटकन. साईटवर पत्ता दिला की एक ठरावीक पत्र येतंच येतं. बायकोच्या वाढदिवसाला चित्र हवंय, फार आवडलं, कुठलं ते मात्र नीट सांगत नाही. म्हणतो, चेक ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तीचा पाठवतो, वरचे पैसे तुम्ही माझ्या वाहतूकवाल्याला द्या. चेक खोटा असतो, तुमचे दिलेले पैसे खरे असतात. पहिल्या वर्षी असं पत्र आलं की मी हरखून जायचे. आता "कोणतं चित्र, माप सांगा" एवढंच लिहिते. उत्तर येत नाही.

एआयवाले चित्रं उचलतात, त्याचं काय, हे तुम्ही विचारणार. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असते, १९९४ पासूनची पद्धत आहे, तिच्यात साईट चाळत फिरणाऱ्या प्रोग्रामांसाठी "इथे येऊ नका" असं लिहिता येतं. मी लिहिलंय. पण ती पाटी आहे, कुलूप नव्हे. ज्याला पाळायची तो पाळतो. शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये ग्लेझ नावाचं साधन काढलं, ते चित्रात बारीक फेरफार करतं, शैलीची नक्कल अवघड व्हावी म्हणून. माझ्या कोऱ्या कागदाच्या भागात ते फेरफार डोळ्यांना टोचतात, म्हणून मी वापरत नाही. तुमचं काम दाट असेल तर करून बघा.

आणि सगळ्यात अवघड काम, चित्रं काढून टाकणं. साईटवर आज ४० चित्रं आहेत, एकदा २०० होती. जुनं चित्र बघून लाज वाटली की मी पूर्वी लगेच उडवायचे. आता वर्षभर थांबते. काही वेळा लाज जाते आणि चित्र राहतं. तरी उडवलेलंही पुरतं जात नाही म्हणा. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून वेबच्या प्रती साठवतंय, आणि तिथे माझी पहिल्या वर्षाची सूर्यास्ताची मालिका अजून शाबूत आहे. तुम्ही शोधू नका, एवढीच विनंती.

भेटींचा आकडा दाखवणारं यंत्र मात्र काढलं ते काढलंच. रोज सकाळी ब्रश भिजवायच्या आधी तो आकडा बघायचे आणि त्यावरून ठरायचं, आज हात चालणार की नाही.

(उठून हाताची मागची बाजू कागदाला लावते)

हे बघा, असं तपासायचं. कागद गार लागला तर आत ओल आहे, वरून कितीही कोरडा दिसू दे. अजून गार आहे. म्हणजे तीन-चार मिनिटं मिळाली. गेल्या आठवड्यातल्या दोन चित्रांच्या ऑल्टच्या ओळी राहिल्यात, एक तरी लिहून टाकते. "जिन्याची खालची पायरी, तिच्यावर..." नाही. "एकच चप्पल, डावी, जिन्याच्या खालच्या पायरीवर." हां.

कॅमेरा बंद करते.