बाई, मी दोनदा सांगलंय

(मालवणमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मैदानी आव्हानांतून संघभावना’. माझ्या मनात त्यातली एकच गोष्ट आहे: मुलं एकमेकांचं ऐकायला कधी शिकतात? तीस वर्षं वर्गात मी ‘नीट ऐका’ म्हणत आले. ऐकायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना करून पाहायला मी खूप उशिरा दिलं.

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. इथल्या निम्म्या लोकांनी दोराला हातही लावला असेल, आणि घरी जाताना चार बांगडेही मिळाले असतील. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते. दोराची दोन टोकं किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे माणसांची रांग. एका बाजूने जास्त जोर लावला की जाळं तिरकं होतं, मासळी निसटते. दोन रांगांत अंतर एवढं की लाटांच्या आवाजात इकडचा शब्द तिकडे पोचत नाही. मग कोणी जाणता हात करतो, आणि बाकीचे दोराचा ताण अजमावत ओढतात. तिकडचे थांबले, दमले, घाई करतायत, सगळं तळहाताला कळतं. मी त्याला ऐकणंच म्हणते.

आज ज्याला आपण ‘चॅलेंज कोर्स’ म्हणतो, म्हणजे गटाने मिळून पार करायची मैदानी आव्हानं, त्याचंही एक मूळ समुद्राकाठीच आहे. १९४१ साली, महायुद्धात जहाजं बुडत असताना, कुर्ट हान हे शिक्षणतज्ज्ञ आणि लॉरेन्स होल्ट हे जहाजमालक यांनी वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. तरुण खलाशांनी संकटात तग धरावा, हा हेतू. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका हायस्कुलात ‘प्रोजेक्ट ॲडव्हेंचर’ सुरू झालं आणि आव्हानं पार करत शिकण्याची ही पद्धत रोजच्या शाळेत आली. खलाशांची गोष्ट मालवणात सांगताना वेगळी प्रस्तावना लागत नाही, म्हणून पुढे जाते.

काही वर्षांपूर्वी आठवीची मुलं घेऊन मी एका शिबिराला गेले होते. तिथे ‘कोळ्याचं जाळं’ हा खेळ होता. दोन झाडांमध्ये दोऱ्यांचं जाळं, त्यात लहानमोठी भोकं. एका भोकातून एकानेच जायचं, दोरीला अंग लागलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. बारा मुलं होती. मोठ्या आवाजाची तीन-चार पोरं लगेच पुढारी झाली आणि खालचं मोठं, सोपं भोक पहिल्या फटक्यात वापरून मोकळी झाली. पुढे उचलाउचल, आरडाओरडा. शेवटी अलीकडे एकच मुलगा उरला, वरच्या भोकातून जायला त्याला उचलणार कोण? तीन वेळा हेच. चाळीस मिनिटांनी प्रशिक्षकांनी शिट्टी मारली, उत्तर सांगितलं, सगळ्यांना पार नेलं, फोटो काढला. जेवण तयार होतं.

परतीच्या एसटीत एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. वर्गात तिचा आवाज जेमतेम तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा. घरी रापणीत वाटा असलेली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाई, मी दोनदा सांगलंय. मोठा भोक शेवटच्याक ठेवा, त्याका उचलूक मागे कोण नसतला. कोणीच आयकूक नाय.”

मला तो दिवस अजून सलतो. उत्तर गटात होतं. ते शोधायची गरजच नव्हती, फक्त ऐकायला हवं होतं. आणि ते का ऐकलं गेलं नाही, हे मुलांना विचारायची वेळ आली तेव्हा ताटं वाढली गेली. मी नंतर आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, मुलांना मजा आली ना? आली होती. त्या मुलीला मात्र एवढंच समजलं की बोलून उपयोग नसतो. पैसे भरून हे शिकवायला आपण मुलांना घेऊन जायचं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य मुद्दा धावत सांगावा लागणार.

उंच मनोरे, हार्नेस काही नको. सुरूच्या बनात पन्नास हात सुंभ पुरतो. मुलांचे डोळे बांधा, दोर सगळ्यांच्या हातात द्या, त्याचा चौकोन करायला सांगा. सगळी एकदम बोलतात, मग कंटाळून गप्प होतात, आणि तेव्हा कुठे एखादा हळू आवाज ऐकू येतो. मोठ्यांनी उत्तर द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड. कोळ्याच्या जाळ्यात कोणाला उचलायचं तर डोकं-मान सांभाळायला दोघं ठरवून ठेवा, त्यात तडजोड नाही.

जेवढा वेळ खेळाला, तेवढाच गोल बसून बोलायला. काय झालं? कोणाचं म्हणणं राहून गेलं? आता काय बदलाल? आणि लगेच तोच खेळ पुन्हा. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं: अनुभव, मग त्याकडे मागे वळून बघणं, त्यातून अर्थ काढणं, मग पुन्हा करून पाहणं. आपली शिबिरं पहिल्या पायरीवरच प्रशस्तिपत्र वाटतात.

दुसरी चिठ्ठी आली. सुंभ मी पिशवीत आणलाय, बाहेर अंगणात जागा आहे. चहा व्हायच्या आत बारा जणांनी या, रुमाल घेऊन.