कोरड्या बोअरची वही

(दृश्य: रात्र. शेतात बोअरची गाडी, कॉम्प्रेसरचा आवाज.)

तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून आलेली ही गाडी फुटावर पैसे घेते, पाणी लागो न लागो. १५० फूट झाले, तरी वर नुसता काळा फुफाटा उडतोय. बांधावर उभा शेतकरी मनात हिशेब करतोय, आणखी ५० फूट जायचं की थांबायचं?

महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे, आपला काळा पाषाण. त्यात पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात. म्हणूनच एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या रानात धूळ निघते.

(दृश्य: जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ.)

नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फुली. या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्ट सांगायलाच हवं. दुसरा मार्ग विद्युत सर्वेक्षणाचा. जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. ओला, भेगाळ खडक विजेला कमी अडवतो, अखंड पाषाण जास्त. पण चिकणमातीही कमीच अडवते, त्यामुळे हा अंदाजही कधीकधी चुकतो.

तरी त्याला पैसे मोजावेत का? समजा, एक बोअर एक लाखाची आणि १० पैकी ४ कोरड्या जातात. सर्वेक्षणामुळे ४ च्या ३ झाल्या, तरी दहा जणांत मिळून एक लाख वाचतो. म्हणजे प्रत्येकी दहा हजारांच्या आतली कुठलीही फी परवडते. फक्त अहवालात ‘इथं नको’ आलं, तर थांबायची तयारी हवी. जागा आधीच पक्की केली असेल, तर ती फी पाण्यात गेली.

(दृश्य: सकाळ. बोअरभोवती चुऱ्याचे ढीग.)

जीव तुटतो तो हे ढीग बघून. मुरूम कितव्या फुटाला संपला, लाल गेरू कुठं लागला, ओल कुठं दिसली, हे सगळं एक लाख मोजून कळलेलं आहे. पहिल्या पावसात ते वाहून जाईल आणि पुढच्या वर्षी शेजारी तेच कळायला पुन्हा एक लाख घालेल. ज्याची बोअर फेल गेली, त्याला ते लिहून ठेवण्यात काहीच मिळत नाही. म्हणून ही वही ग्रामपंचायतीनं ठेवावी: गट नंबर, खोली, थर. फसलेल्या बोअरची नोंद तर आधी.

(दृश्य: गाडीवरचा कामगार चुरा मुठीत घेऊन पाण्यानं धुतो. शेजारी एक मुलगी वहीत लिहिते.)

१६० फूट. लाल गेरू. ओल नाही.